बंगल्याच्या झोपाळ्यावरचा फोटो

जबाब

दिनांक : ३० जुलै २०२५
ठिकाण : लोणावळा ग्रामीण पोलीस ठाणे

नाव शालन राजेंद्र तिकोने, वय ४४ वर्षे, धंदा बंगल्याची देखभाल व भातशेती, शिक्षण नववी, राहणार मळवली, तालुका मावळ, जिल्हा पुणे.

मी वरील नावाची बाई आज ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर होऊन, विचारल्याप्रमाणे सांगते ते असे की,

मी वरील पत्त्यावर माझे पती राजेंद्र व सासूबाई लीलाबाई यांच्यासोबत राहते. मुलगी कोमल लग्न होऊन तळेगावला दिली आहे. मळवलीत मुंबईच्या एका मालकांचा बंगला आहे, तो आम्ही नवरा-बायको सांभाळतो. गेट, बाग आणि पोहायच्या तलावाचं पाणी हे त्यांच्याकडं, खोल्या, पडदे, अंथरुणं आणि स्वयंपाक माझ्याकडं. शिवाय घरची थोडी भाताची खाचरं आहेत.

गावच्या वाचनालयात काम करणाऱ्या अनिता गरुड यांनी तक्रार दिली आहे की, त्यांचा व माझ्या पतींचा एक बनावट फोटो मोबाईलवर फिरवून त्यांची बदनामी केली. तो फोटो गावात पहिल्यांदा कोणी टाकला, असं मला विचारलं. तो मी टाकला. मला तो कोणी दिला, असं विचारलं. तेही सांगणार आहे, त्यासाठीच आले आहे. पण मला पहिल्यापासून सांगू द्या, नाहीतर मी नुसती येडी दिसेन. हवालदार मॅडम म्हणाल्या, बोला मावशी, जसं बोलाल तसं लिहिते. मी म्हणाले, मावशी नका म्हणू, ताई म्हणा.

त्या फोटोपायी पंचायतीनं अनिताबाईंना चौकशी होईपर्यंत घरी बसवलं आहे. फोटो कोणी केला हे कागदावर आल्याशिवाय त्यांना परत घेणार नाहीत. त्यांचा बुधवारचा वर्ग बंद आहे. आणि माझे पती बंगल्यामागच्या खोलीत निजतात. घरी येतात, आईला गोळ्या देतात, म्हशीला वैरण टाकतात आणि माझ्याकडं न बघता परत जातात.

तो वर्ग कसा सुरू झाला ते सांगते. गेल्या पावसाळ्यात सगळ्यांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला. वरच्या धरणाची भिंत फुटली, पाणी खाली येतंय, माणसं पळताहेत, आणि एक बाई बातम्या सांगितल्यासारखं ते सांगतेय. सगळं मशीननं बनवलेलं होतं. ती बाईसुद्धा. पण तेव्हा आम्हाला काय माहीत? अर्धं गाव गुरं सोडून डोंगराकडं पळालं. त्या पळापळीत माझ्या सासूबाई निसरड्यावर पडल्या आणि उजवा हात मनगटात मोडला. तो वाकडाच बसला. अजून त्यांना वेणी घालता येत नाही, मी घालते.

त्यानंतर अनिताबाईंनी समाजमंदिरात वर्ग धरला. मोबाईलवर आलेलं खरं कुठलं आणि बनवलेलं कुठलं, ते कसं ओळखायचं, याचा. बुधवारी दुपारी घ्यायच्या, कारण शनिवार-रविवार आम्हा बंगलेवाल्यांना मरायलाही सवड नसते. भिंतीला पांढरी चादर लावायच्या आणि त्यावर चित्रं दाखवायच्या. फुकट. लोक यायचे, म्हातारे-कोतारेसुद्धा यायचे. माझे पती पहिल्या बुधवारपासून जायचे.

आईचा हात मोडला म्हणून ते जायला लागले, हे मला मान्य आहे. पण आईच्या हातासाठी दाढी करावी लागत नाही. बुधवार आला की ह्यांची दाढी. लावणी चालू असली तरी दुपारी खाचरातून बाहेर, पायाचा चिखल घासून घासून धुवायचा, कोमलच्या लग्नातला शर्ट घालायचा. मला म्हणायचे, "शालन, एवढ्या दोन ओळी उरक, मी आलोच." मी चिखलात, आणि हे वर्गात.

बरं, गेले तर गेले, घरी येऊन गप्प बसावं ना? भाकरी वाढली तरी "अनिता मॅडम म्हणाल्या", कालवण वाढलं तरी "अनिता मॅडम म्हणाल्या". एकदा मी म्हणाले, "मॅडमला इचारा, ह्या कालवणातलं मीठ खरं हाय का बनवलेलं." सासूबाई हसल्या. हे हसले नाहीत. म्हणाले, "चेष्टा करू नगं, शिकन्यासारखं हाय ते." मला नाकाला मिरच्या झोंबल्या त्या आजपर्यंत.

शेवटी जून महिन्यात एका बुधवारी मी स्वतः वर्गाला जाऊन बसले. हवालदार मॅडमनी विचारलं, काय शिकलात? खरं सांगायचं तर अनिताबाईंच्या कानात मोत्याच्या कुड्या होत्या आणि साडीला एक सुरकुती नव्हती, एवढं शिकले. मी बंगल्याचे पडदे इस्त्री करते. माझ्या साडीला इस्त्री कोण करणार? तरी कानावर पडलं ते पडलंच. त्या सांगत होत्या, "पूर्वी आम्ही म्हणायचो बोटं मोजा. आता बोटं बरोबर येतात. म्हणून आधी माणसांकडे बघूच नका. आधी मागे बघा. पाटी असली तर अक्षरं वाचा. ऋतू कुठला, ऊन कुठून आलंय, ते बघा. आणि जे बघितल्याबरोबर छातीत धडधडेल ते पुढे पाठवू नका. फोन पालथा ठेवा, पाणी प्या, आणि तिथं हजर असलेल्या माणसाला विचारा."

मग त्यांनी आपल्याच मळवली स्टेशनचं एक चित्र दाखवलं, फलाटावर गुडघाभर पाणी. लोक आ वासून बघत होते. माझ्या पतींनी हात वर केला. जन्मात कधी ग्रामसभेत तोंड न उघडलेला माणूस! म्हणाले, "मॅडम, पाटीवर मराठी अक्षरं न्हाईत, नुसत्या रेघोट्या हाईत."

अनिताबाई म्हणाल्या, "राजेंद्रभाऊ, अगदी बरोबर!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांचे कान लाल झाले. मी शेजारीच बसले होते, मला दिसले. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना कधी "अगदी बरोबर" म्हणाले असेन का, आठवत नाही. ते मला म्हणाले नाहीत, हे मात्र पक्कं आठवतं. आता कोणी म्हणेल, ती तर त्यांना भाऊ म्हणाली. भाऊ म्हटलं की झालं का? गावात सगळेच भाऊ असतात.

बाहेर पडताना बचत गटातली शेवंता म्हणाली, "शालनबाई, तुमचं पोरगं पयला नंबर काढनार बघा!" सगळ्या फिदीफिदी हसल्या. त्यांची चेष्टा झाली आणि माझा जीव गेला. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागलं नाही. ते अंगणात फोनवर बोलले की मी दाराआड. फोन पंपवाल्याचा असायचा, तरी मी दाराआड.

माझा सख्खा धाकटा भाऊ सोपान याचं कामशेतला फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, दशक्रिया, सगळे फ्लेक्स तो करतो. कुठल्याही फोटोतला चेहरा उचलून कुठंही बसवायचा, हा त्याचा रोजचा धंदा. ज्यानं जन्मात कोट घातला नाही त्याला कोट घालतो. आता तर मोबाईलमध्येच असं काहीतरी आलंय की नुसतं सांगायचं, ते चित्र करून देतं.

जुलैच्या सुरुवातीला मी बाजाराला गेले होते, तेव्हा त्याच्या दुकानात टेकले आणि रडायला लागले. तो म्हणाला, "तायडे, पुन्हा तेच? दाजी तसलं मानूस न्हाईत."

मी म्हणाले, "तुला काय ठाव? तुझी बायकू जातीय का कुटं वर्गाला?"

तो म्हणाला, "मग काय करू सांग."

मी म्हणाले, "तू फिरतोस, तुझी पोरं फिरत्यात. त्या दोघांना कुटंतरी धर आन मला दाव. माज्या हातात कायतरी पायजे. नुसतं बोललं की ते हसण्यावारी नेत्यात."

तो म्हणाला, "बघतो."

मी त्याला खोटा फोटो कर असं म्हणाले नाही. हे ठळक लिहा. पण खरा असला तरच आण, असंही म्हणाले नाही. हेही लिहा.

दिनांक १४ जुलै, सोमवारी मी खाचरात लावणीला असताना फोन वाजला. हात पदराला पुसून बघितलं तर सोपाननं फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "ताई बघ. माझं नाव सांगू नको." फोटोत आमच्याच बंगल्याचा वरांडा, वरांड्यातला झोपाळा, झोपाळ्यावर पिवळ्या गाद्या, मागं हिरवागार डोंगर आणि दोन धबधबे. झोपाळ्यावर माझे पती आणि अनिताबाई. तिचा हात ह्यांच्या हातावर. आणि हे हसत होते.

हातावरचा हात मी सोसला असता. खोटं वाटेल, पण सोसला असता. ते हसणं मला सोसलं नाही. डोळे बारीक, दात दिसेपर्यंत हसणं. घरात ह्यांचं हसणं म्हणजे मिशीच्या आत. बाहेर काही येत नाही. मला वाटलं, माझ्या वाट्याचं सगळं हसणं हिला नेऊन दिलं. अंगाची नुसती लाही लाही झाली. मागं काय आहे, ऋतू कुठला, कसलं काय! मी पाणीही प्यायले नाही.

बांधावर उभी राहूनच मी तो फोटो बचत गटाच्या ग्रुपवर टाकला आणि बोलून लिहिलं, "ह्या बघा तुमच्या मॅडम. बंगला आमचा, झोपाळा आमचा." नवराही आमचा, हे घालायचं राहिलं. संध्याकाळपर्यंत तो फोटो वडगावपर्यंत पोचला, असं मला नंतर कळलं.

दिनांक १६ जुलै, बुधवारी मी समाजमंदिरात गेले. वर्ग भरलेला होता. म्हणजे फोटो बघून सुद्धा अनिताबाई आल्या होत्या आणि हेही आले होते. ते बघून माझा आणखी तिळपापड झाला. मी सरळ पुढं गेले आणि फोन त्यांच्या तोंडापुढं धरला.

अनिताबाई म्हणाल्या, "वहिनी, बसा. मला तो नीट बघू द्या. आपण दोघी मिळून बघू."

मी म्हणाले, "तुमचा फोटू तुमीच तपासनार व्हय? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या?"

माझे पती उठले. "शालन, घरी चल. मी कधी मालकाच्या झोपाळ्यावर बसलोय का? तूच सांग. इतक्या वर्सात एकदा तरी?"

मी म्हणाले, "बसलायसा की. हितं दिसतंय."

ते म्हणाले, "तुला दिसतंय ते खरं, आन मी सांगतो ते खोटं?"

मी "व्हय" म्हणाले.

अनिताबाईंचे यजमान वारले आहेत, त्या एकट्या राहतात. मी त्यावरून त्यांना एक शब्द बोलले. तो शब्द इथं लिहू नये. तिथं हजर असलेल्या सगळ्यांनी ऐकला आहे, लागला तर त्यांना विचारावा. अनिताबाई रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरची चादर काढली, चार घड्या केल्या, पिशवीत घातली आणि गेल्या. मला वाटलं, जिंकले. त्याच दिवशी माझ्या पतींनी घरातलं अंथरूण उचललं. दुसऱ्या दिवशी पंचायतीनं अनिताबाईंना कळवलं की, तूर्त येऊ नका.

दिनांक १९ जुलै, शनिवारी बंगल्यावर मुंबईचे पाहुणे आले. त्यातली एक मुलगी वरांड्यातून मला हाका मारायला लागली. "मावशी, झोपाळ्यावरच्या पिवळ्या गाद्या कुठे आहेत? बुकिंगच्या फोटोत तर आहेत. आम्हाला रील काढायचीय."

मी म्हणाले, "पावसाळ्यात गाद्या भायेर नसतात, बाळा. हितल्या हवेला दोन दिवसांत बुरशी धरतीय. मी वळवाच्या आधीच बांधून माळ्यावर टाकते, त्या दिवाळीला काढते."

एवढं बोलले आणि मला माझ्या फोनमधला फोटो आठवला. मुलगी म्हणाली, "मग फोटोत कशाला दाखवता?" आणि तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. तोच झोपाळा. त्याच गाद्या. उजवीकडची गादी कोपऱ्यात दबलेली, तीही तशीच. मालकांच्या माणसानं दोन-तीन वर्षांपूर्वी थंडीत काढलेला फोटो, त्यात डोंगर वाळक्या गवताचा पिवळा. माझ्या फोनमधल्या फोटोत तोच डोंगर हिरवा, त्याला धबधबे फुटलेले, आणि गाद्या मात्र कोरड्या ठणठणीत.

मी माळ्यावर चढले. गाद्या प्लास्टिकात होत्या. वरच्या सुतळीची गाठ माझीच. मेपासून कोणी हात लावलेला नव्हता. मळवलीतल्या कुठल्याही बंगल्यावरच्या बाईनं तो फोटो बघताक्षणी म्हटलं असतं की, आषाढात गाद्या बाहेर कशा? आणि त्या गाद्या तर दरवर्षी मीच बांधते. मी त्या फोटोत गाद्या बघितल्याच नव्हत्या. मी फक्त ती दोघं बघितली होती.

त्याच वेळी खाली उतरून सांगायला पाहिजे होतं. मी सांगितलं नाही. पाहुण्यांना भजी तळून दिली. तेव्हा का सांगितलं नाही, असं हवालदार मॅडमनी विचारलं. मी म्हणाले, सांगितलं असतं तर काय झालं असतं? अनिताबाई परत चादर लावून उभ्या राहिल्या असत्या, आणि हे परत दाढी करून पहिल्या रांगेत. फोटो खोटा निघाला म्हणून माझी जळजळ खोटी निघाली नाही. ती जिथल्या तिथं होती. वर आणखी, त्या बरोबर ठरणार आणि मी सगळ्या गावापुढं मूर्ख. म्हणून मी तोंड शिवून बसले. आणि अनिताबाई घरी बसल्या.

नंतर एके दिवशी सकाळी मी सासूबाईंची वेणी घालत होते. त्या सहसा आमच्या मधे पडत नाहीत. त्या म्हणाल्या, "शालन, तवा धरनाचं पानी काय आलं न्हाई गं."

मी म्हणाले, "ठाव हाय मला, आत्याबाई."

त्या म्हणाल्या, "पानी खोटं व्हतं. हात खराच मोडला. त्या बाईचंबी तसंच झालंय बघ."

मी वेणी पुरी केली आणि कामशेतला गेले.

सोपान दुकानात एकटाच होता. मी म्हणाले, "फोटू कशातनं केलास ते दाव." आधी तो काय फोटो, कुठला फोटो, असं करायला लागला. मी म्हणाले, "गाद्या माळ्यावर हाईत." मग त्यानं कॉम्प्युटर लावला. बंगल्याचा फोटो बुकिंगच्या जाहिरातीतला. अनिताबाईंचा, वाचनालयाच्या कार्यक्रमातला. आणि माझ्या पतींचा, सोपानच्याच पोराच्या बारशातला. तो फोटो मी कधी बघितला नव्हता. त्यात हे सतरंजीवर बसलेत, डोळे बारीक करून, दात दिसेपर्यंत हसताहेत, आणि शेजारी मी बसले आहे, ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगतेय. त्या माझ्या सांगण्यावर ते हसताहेत. सोपाननं मला कापून काढलं होतं आणि माझ्या जागी अनिताबाईंना बसवलं होतं.

मी तेव्हा त्यांच्या कानात काय सांगितलं होतं, ते मला आठवत नाही. तिथं बसून लय आठवलं. आठवत नाही.

मी सोपानला म्हणाले, "अरे, मी तुझी भन ना? मला खोटं देतोस?"

तो म्हणाला, "तायडे, खरं तुला पटतच न्हवतं. दाजींनी सांगून बघितलं, मी सांगून बघितलं. मला वाटलं, एकदा हे बघून घरात दोघं भांडाल, दाजी वर्गाला जायाचं सोडतील, इषय मिटंल. तू गावभर टाकशील असं कुटं वाटलं व्हतं?"

त्यानं ते काम माझ्यासाठी केलं, हे खरं आहे. त्यानं ते केलं, हेही खरं आहे.

इथं येण्याआधी माहेराहून आईचा फोन आला. ती म्हणाली, "त्या परक्या बाईसाठी सख्ख्या भावाचं नाव घेतलंस तर राखीला हितं येऊ नगंस." राखी नऊ तारखेला आहे. मी अजून राखी घेतलेली नाही. अनिताबाईंसाठी मी काही करत नाही, हेही स्पष्ट लिहा. मला त्या बाई आजही आवडत नाहीत. खोटं कशाला बोलू? पण त्यांनी जे केलं नाही त्यासाठी त्या घरी बसल्या आहेत आणि मी मात्र सगळं करून सवरून कामावर जाते, हे माझ्या गळ्याखाली उतरत नाही.

तरी मी आज सांगते की, सदरचा फोटो माझा भाऊ सोपान सीताराम कालेकर, राहणार कामशेत, याने बनवून मला पाठवला. तो बचत गटाच्या ग्रुपवर मी टाकला. माझा मोबाईल मी राजीखुशीने तपासासाठी देत आहे, फोटो आणि सोपानचा मेसेज त्यात जसाच्या तसा आहे. बारशाचा मूळ फोटोही त्याच्याकडून मागून घेतला आहे. तो तपास झाल्यावर मला परत मिळावा.

पंचायतीनं अनिता गरुड यांना परत कामावर घ्यावं व बुधवारचा वर्ग सुरू करावा, माझी हरकत नाही. फक्त माझ्या पतींना पहिल्या रांगेत बसवू नये. हवालदार मॅडम म्हणाल्या, असं जबाबात लिहीत नाहीत. मी म्हणाले, मग सही करत नाही. त्यांनी लिहिलं.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी "नवऱ्यावरील संशयातून फोटो पुढे पाठवला" असं होतं. ते मी खोडायला लावलं. संशय असता तर मी तपासलं असतं, गाद्या तरी बघितल्या असत्या. मी जळत होते, तसंच लिहा असं सांगितलं, आणि तसं लिहिलं आहे. बाकी सगळं माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, त्यात कोणी काही घातलेलं नाही.

माझे पती आणि अनिताबाई यांनाही जबाबासाठी बोलावलं आहे. ते बाहेर बाकावर थांबलेले मला इथून दिसतात. तो बाकाच्या ह्या टोकाला, ती त्या टोकाला. चुकले, ते आणि त्या असं लिहा. मधे एक माणूस बसेल एवढी जागा आहे. सही झाली की मी तिथं जाऊन बसणार आहे.

सही : शालन राजेंद्र तिकोने

समक्ष नोंदवला : महिला पोलीस हवालदार, लोणावळा ग्रामीण